बापाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी जन्मलेला पूर्वज आणि माझे ४,२५० डॉलर

सूनबाईंच्या माहेरचे मूळ न्यूयॉर्कच्या जुन्या डच वसाहतीत आहे, असे त्यांच्या घरी सांगतात. आमचा छापील कुलवृत्तांत मी भारतातून आणलेला होताच. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याच्या आजोळची वंशावळही शेजारी ठेवावी, म्हणून मी एका वंशावळ-संशोधकाला २,८५० डॉलर आगाऊ दिले.

तीन महिन्यांनी जाड कागदावर सोनेरी राजचिन्ह छापलेला तक्ता आला. त्यातली मूळ स्त्री ॲनेके यान्स. ती १६३० मध्ये नवरा रूलोफ यान्सबरोबर वसाहतीत आली, १६३६ मध्ये त्यांना मॅनहॅटनवर सुमारे ६२ एकर जमीन मिळाली आणि नवऱ्यामागे तिने पाद्री एव्हरार्डस बोगार्डसशी लग्न केले. हे सगळे मी पडताळले, ते खरे निघाले आणि तिथेच माझा विश्वास बसला. तिला डच राजघराण्याचा मूळपुरुष विल्यम ऑफ ऑरेंज याची नात ठरवले होते, ती मात्र शुद्ध थाप. तिचा जन्म नॉर्वेतला आणि आई न्यू ॲमस्टरडॅमची, म्हणजे डच काळातल्या न्यूयॉर्कची सुईण.

तिसऱ्या पानावर बोगार्डस १६४७ मध्ये जहाज फुटून बुडाल्याची नोंद होती आणि तिच्याखाली दोनच ओळींवर त्याच्या धाकट्या मुलाचा जन्म, १६५१. सूनबाईंनी त्यावर बोट ठेवले. मीच त्यांना म्हणालो, की जुन्या-नव्या (ज्युलियन-ग्रेगरियन) कालगणनेचा घोळ असेल. तो फरक दहा दिवसांचा, फार तर वर्षाच्या आकड्यात एकाचा. चार वर्षांचा कसा असेल? हा प्रश्न मला त्या दुपारी पडला नाही, याची चीड अजून जात नाही. याच मुलावर सूनबाईंचे सारे घराणे टांगलेले होते.

पुढच्या पत्रात आमिष आले. १६७१ मध्ये वारसांनी ती मॅनहॅटनची जमीन इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली, पण एका मुलाच्या वारसांची सही राहिली, आणि १७०५ मध्ये इंग्लंडच्या राणी ॲनने ती न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला दिली, म्हणून तिच्यावर वारसांचा हक्क अजून आहे, असा दावा. तेव्हा वारस म्हणून नोंदणी करा, १,४०० डॉलर. मला जमिनीचा लोभ नव्हता, नातवाचा हक्क बुडू नये एवढेच वाटले. याच दाव्याचा निकाल १८४७ मध्येच चर्चच्या बाजूने लागला आहे, हे मला पैसे गेल्यावर कळले. वारसनोंदणीसाठी कुणी एक डॉलर जरी मागितला, तरी देऊ नका.

पोलिसांनी तक्ता उलटून पाहिला आणि म्हणाले, तुम्ही मागितलेला कागद तुम्हाला मिळाला आहे, हा दिवाणी वाद आहे. कार्ड कंपनीने मुदत संपल्याचे कळवले. ग्राहक तक्रार कक्षाने पाच महिने कागद मागवले, एकच पावती मला तीनदा पाठवायला लावली आणि शेवटी दोन ओळींत प्रकरण बंद केले. बनावट जन्मनोंद विकणे हा गुन्हा नसेल, तर गुन्हा कशाला म्हणायचे? मी सत्तरीचा आहे, म्हणून माझी तक्रार म्हाताऱ्याची कुरकुर ठरली.

प्रत्येक पिढीच्या मूळ नोंदीची प्रत मागा. न्यू ॲमस्टरडॅमच्या डच चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदी छापलेल्या आहेत. यान्स म्हणजे नुसते यानचे मूल, ते आडनाव नव्हे, त्यामुळे नाव जुळले म्हणून नाते जुळत नाही. सोनेरी राजचिन्हाचा असाच तक्ता कुणाकडे आला असेल, तर पाकीट आणि पावती फेकू नका, मला कळवा. चार-पाच तक्रारी एकत्र गेल्या तर त्या कक्षाला फाईल पुन्हा उघडावी लागेल.