पाणीकपातीत गाडी: बादली की स्प्रे?

पाइप बंद, मग गाडी दोन बादल्यांत धुवायची की फवारून नुसता पुसायचा बिनपाण्याचा स्प्रे आणायचा, असं एका मैत्रिणीने विचारलं.

पाण्याच्या हिशोबात स्प्रे उघड जिंकतो. बादलीला काटकसर केली तरी तीसेक लिटर लागतात, स्प्रेला फक्त फडकी धुण्यापुरतं. खर्चात उलट: बादलीला थोडा शाम्पू पुरतो, स्प्रेची बाटली मात्र संपत राहते.

खरा प्रश्न रंगाचा आहे. चिखल वाळून बसला असेल तर स्प्रे मारून पुसणं म्हणजे पत्र्यावर पॉलिशपेपर फिरवणं. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. वाळूचे कण फडक्यात अडकतात आणि उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात. बादलीत कण आधी भिजून सुटतात. एक बादली शाम्पूची, दुसरी फडकं खळबळायला. चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने.

स्प्रे वापरायचाच तर मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याची घडी घालून हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, बाजू मळली की घडी उलटा. मेहनत दोन्हीकडे सारखीच.

गाडी रोज डांबरी रस्त्यावर, नुसती धूळ बसते? स्प्रे घ्या. कच्चा रस्ता, चिखल असेल तर बादलीच, भले महिन्यातून एकदा. काचा, दिवे आणि नंबरप्लेट मात्र अधेमधे ओल्या फडक्याने पुसाच.