ओव्हल ट्रॅकचा वेग, बाणेरमध्ये: एका सिम्युलेटर केंद्राचे परीक्षण

ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यतींविषयी आपल्याकडील बहुतेक मोटारशौकिनांचे मत ठरलेले असते: त्यात काय विशेष, नुसते डावीकडे वळत राहायचे. पुण्यात फॉर्म्युला वनचे जाणकार भरपूर आहेत, पण त्यांच्याही गप्पांत इंडियानापोलिसचे नाव निघाले की विषय दोन वाक्यांत मिटतो. बाणेर रस्त्यालगतचे एक रेसिंग सिम्युलेटर केंद्र मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. इंडियानापोलिस, टॅलाडेगा, टेक्सास आणि फाँटाना हे अमेरिकेतील ओव्हल येथे चालवायला मिळतात आणि विक्रमी वेळ म्हणजे नेमके काय, हे डोक्याआधी हातांना कळते.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, जागा आटोपशीर आहे आणि वातानुकूलन चांगले आहे. स्टीअरिंगला पुरेसे बळ देणारी मोटर, दाबाला प्रतिसाद देणारे ब्रेकचे पेडल आणि तीन पडदे अशी मांडणी जवळपास प्रत्येक आसनाला आहे. एक आसन हलणारे आहे आणि त्याचे भाडे अधिक आहे. तिथे काम करणाऱ्या मुलांना उपकरणांची माहिती आहे आणि ती समजावून सांगण्याची तयारीही आहे. नवख्या माणसाला ती आधी लहान ट्रॅक देतात, हे योग्यच आहे.

इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे 4 किलोमीटरचा आहे. त्याची चारही वळणे सारख्या लांबीची आहेत आणि त्यांचा बाहेरच्या कडेकडे जाणारा चढ जेमतेम 9 अंशांचा आहे. "काका, इथे ब्रेक विसरा, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय किती उचलायचा ते बघा," असे मला तिथल्या मुलाने सांगितले आणि सगळे मर्म त्या एका वाक्यात होते. गाडीची जुळणीच डावीकडे ओढणारी केलेली असते, त्यामुळे सरळ पट्ट्यावर स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावे लागते. वळण आले की ते वळवायचे नसते, हळूच सैल सोडायचे असते. दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना गाडी आपणहून भिंतीकडे सरकत जाते आणि त्या क्षणी घाईने स्टीअरिंग ओढले, तर पुढचे उजवे टायर तापून पुढच्या वळणात पकड सोडते. येथे ही सगळी साखळी स्टीअरिंगच्या मुठीत स्पष्ट जाणवते. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत टायर थकत जातात, तसा हातातला भारही बदलतो. या बारकाव्यासाठी मी केंद्राला पैकीच्या पैकी गुण देतो.

चार फेऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण इंडियानापोलिसच्या पात्रता सत्रात, म्हणजे शर्यतीतल्या सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या सत्रात, सलग चार फेऱ्यांची सरासरी धरली जाते. 1996 साली डच चालक आरी लायेंडाइक यांनी केलेली ताशी 236.986 मैल, म्हणजे सुमारे 381 किलोमीटरची सरासरी अजून कोणी ओलांडलेली नाही. त्यांतील त्यांची सर्वांत वेगवान फेरी 37.895 सेकंदांची होती. पहिल्या दिवशीची त्यांची वेळ गाडीचे वजन कमी भरल्यामुळे रद्द झाली होती. विक्रम दुसऱ्या दिवशी झाला, म्हणून पहिल्या दिवशी पात्र ठरलेल्यांना पुढे ठेवणाऱ्या तेथील नियमानुसार सर्वांत वेगवान असूनही त्यांना विसाव्या जागेवरून सुरुवात करावी लागली. ट्रॅकचे नुकतेच झालेले डांबरीकरण आणि टर्बो इंजिनाची ताकद यांचा त्या वेगात मोठा वाटा होता, आणि पुढच्याच वर्षी इंजिनांचे नियम बदलून वेग खाली आणला गेला. 2024 साली स्कॉट मॅक्लॉक्लिन यांनी 234.220 मैलांच्या सरासरीने पहिली जागा मिळवली. दोघांच्या चार फेऱ्यांच्या एकूण वेळेत फरक दोन सेकंदांहूनही कमी आहे, पण त्या वेगाला सेकंदात शंभर मीटरहून अधिक अंतर कापले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या फरकाचे वजन समजते.

माझी मुख्य तक्रार भिंतीवरच्या फलकाबद्दल आहे. सर्वांत वेगवान फेऱ्या म्हणून तेथे वेळा सेकंदांत, एकाखाली एक लिहिल्या आहेत आणि ट्रॅकची लांबी कोठेही दिलेली नाही. ब्रिस्टलचा ट्रॅक अर्ध्या मैलाहून किंचित मोठा आहे आणि त्याची फेरी पंधरा-सोळा सेकंदांत पुरी होते. म्हणून ब्रिस्टल चालवणारे नाव फलकावर सदैव वर आणि इंडियानापोलिसला जीव ओतणारा खाली. ओव्हलच्या जगात ट्रॅक वेगळे असतील, तर तुलना सरासरी वेगाने होते, सेकंदांनी नव्हे. जागतिक विक्रमांच्या रकान्यात तर लायेंडाइक यांचा 239.260 मैलांचा आकडाही पात्रता सत्रातल्या आकड्यांबरोबर लिहिला आहे. तो सरावातला आहे आणि अधिकृत विक्रमांत धरला जात नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, ग्राहकांच्या एकट्याने चालवलेल्या फेऱ्या आणि इतरांच्या मागे चिकटून, हवेचा रोध चुकवत काढलेल्या फेऱ्या एकाच यादीत आहेत. पुढच्या गाडीच्या आडोशाने सरळ पट्ट्यावर सहज वेग वाढतो; म्हणूनच इंडियानापोलिसला पात्रता सत्रात गाडी ट्रॅकवर एकटी सोडतात. यादी वेगळी करायला खर्च काहीच नाही. मी हे व्यवस्थापकांच्या कानावर घातले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण फलक अजून तसाच आहे.

फाँटानासाठी मात्र या केंद्राचे आभार मानावे तितके थोडे आहेत. कॅलिफोर्नियातील त्या सुमारे दोन मैलांच्या ट्रॅकवर 28 ऑक्टोबर 2000 रोजी ब्राझीलच्या जिल द फेरान यांनी पात्रता सत्रात 241.428 मैल, म्हणजे ताशी 388 किलोमीटरहून अधिक सरासरीने 30.255 सेकंदांची फेरी मारली. अधिकृत शर्यतीच्या कार्यक्रमात बंदिस्त ट्रॅकवर याहून वेगवान फेरी आजवर झालेली नाही. चाचणी ट्रॅकवरचे आकडे मोठे आहेत. 1987 साली ए. जे. फॉइट यांनी टेक्सासमधील फोर्ट स्टॉकटन येथे खास बांधलेल्या ओल्डस्मोबाइल एरोटेकमधून 257.123 मैलांची सरासरी गाठली होती, पण तो ट्रॅक साडेसात मैलांहून लांब आहे आणि तेथे शर्यत नसते. फाँटानाची शेवटची नॅस्कार (अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींची मालिका) शर्यत फेब्रुवारी 2023 मध्ये झाली आणि नंतर त्या ट्रॅकचा बराचसा भाग पाडला गेला. द फेरान यांचेही त्याच वर्षीच्या डिसेंबरात निधन झाले. आज ती रुंद, 14 अंश चढाची वळणे चालवायची असतील, तर सिम्युलेटरशिवाय मार्ग नाही. माझ्या मते येथे भरलेल्या पैशांचे खरे मोल या ट्रॅकवर वसूल होते.

टॅलाडेगावर 1987 चा फोर्ड थंडरबर्ड मिळतो, हीही मोठी सोय आहे. बिल एलियट यांनी त्याच मॉडेलच्या शर्यतीच्या गाडीतून 44.998 सेकंदांत, 212.809 मैलांच्या वेगाने पात्रता विक्रम केला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांच्या कुंपणावर आदळली आणि पुढच्या वर्षापासून या ट्रॅकवर इंजिनाची हवा रोखणाऱ्या पट्ट्या सक्तीच्या झाल्या. त्यामुळे नॅस्कारचा तो आकडा जागच्या जागी राहिला.

हलणाऱ्या आसनाचे जादा पैसे मात्र द्यावेत, असे मला वाटत नाही. भिंतीला घासल्याचा धक्का ते छान देते. वळणात सेकंदामागून सेकंद टिकणारा दाब त्याला देता येत नाही आणि ओव्हलवर माणसाची खरी परीक्षा त्याच दाबात होते. एप्रिल 2001 मध्ये टेक्सासच्या 24 अंश चढाच्या ट्रॅकवर कार्ट या अमेरिकी शर्यत-मालिकेच्या गाड्या ताशी 230 मैलांच्या पुढे गेल्या. शरीरावरचा भार पाच जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट, पोहोचू लागला, बहुतेक चालकांना गरगरू लागले आणि शर्यत ऐन शर्यतीच्या दिवशी रद्द करावी लागली. केनी ब्रॅक यांची 233.447 मैलांची पात्रता फेरी तेवढी नोंदीत उरली. बाणेरच्या खुर्चीत बसून टेक्सासची ती वेळ कोणी गाठली, तर त्याचे कौतुक जरूर करावे, पण विक्रमातला मानेचा आणि कानांचा हिस्सा त्याने उचललेला नाही, हे केंद्राने फलकावर लिहायला हवे.

जाणाऱ्यांनी अर्ध्या तासाऐवजी एका तासाची वेळ घ्यावी, कारण पहिली पंधरा मिनिटे भिंतीची भीती मोडण्यातच जातात. एकट्याचे सत्र मिळेल का, हे आधी फोनवर विचारावे. शनिवारी-रविवारी ते सहसा देत नाहीत. ट्रॅकचे तापमान बदलून मागितले तर मुले आनंदाने बदलून देतात आणि थंड ट्रॅकवर इंडियानापोलिसच्या पहिल्या वळणात पाय न उचलता जाता येते का, हे पाहण्यासाठी ते जरूर मागावे. चारचाकीसाठी जागा अपुरी आहे, दुचाकीने गेलेले बरे.