नळीतला गर्भ ‘उतरवून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या धाकट्या बहिणीची पाळी चुकली, घरी केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली, पण पोटात एका बाजूला दुखून थोडा रक्तस्राव सुरू झाला. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजल्याची, म्हणजे अस्थानिक गर्भधारणेची, शंका आहे; पण इतक्या लवकर निश्चित निदान करता येत नाही, बीटा एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाची रक्तचाचणी ४८ तासांनी पुन्हा करू, असे डॉक्टर म्हणाले. ही ताटकळ म्हणजे भोंदूंना मोकळे रान. ओळखीतून आलेल्या एका ‘उपचारका’ने आपल्या काढ्याने नळीतला गर्भ गर्भाशयात सरकतो, असे छातीठोकपणे सांगून निम्मे पैसे आगाऊ घेतले.

दुसऱ्या अहवालात एचसीजी वाढलेले दिसताच त्याने तोच आकडा गुण आल्याचा पुरावा म्हणून पुढे केला. वास्तविक नळीतला गर्भही हे संप्रेरक तयार करतो. वाढ मात्र बहुधा संथ असते. पुढच्या सोनोग्राफीत गर्भाशयात द्रवाची लहानशी पिशवी दिसली, तेव्हा ‘उतरला’ म्हणत त्याने उरलेले पैसेही उकळले. अशी फसवी पिशवी अस्थानिक गर्भधारणेतही दिसू शकते. आत योक सॅक (गर्भाचे सुरुवातीला पोषण करणारी छोटी पिशवी) किंवा गर्भ दिसल्याखेरीज गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री देता येत नाही, आणि त्याच तपासणीत नळीतली गाठ डॉक्टरांना स्पष्ट दिसली होती. नळीत रुजलेला गर्भ गर्भाशयात नेणारे औषध किंवा शस्त्रक्रिया अस्तित्वातच नाही.

सर्वांत भयंकर होती ती त्याची सूचना: खांद्यात कळ येईल, चक्कर येईल, ती गर्भ सरकल्याची खूण समजा आणि दवाखान्यात धावू नका. ही तर नळी फुटून पोटात रक्त साचत असल्याची लक्षणे. तिथे तातडीच्या शस्त्रक्रियेला पर्याय नसतो.

सुदैवाने बहिणीची नळी फुटलेली नव्हती आणि एचसीजीही फार वाढलेले नव्हते, म्हणून गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्झेटच्या इंजेक्शनवर भागले. इंजेक्शननंतरच्या चौथ्या आणि सातव्या दिवसाच्या चाचण्यांदरम्यान एचसीजीची पातळी किमान १५ टक्के घटावी लागते. तशी ती घटली, आणि पुढे शून्यावर येईपर्यंत तपासण्या चालू राहिल्या. त्या माणसाची ‘शक्तिवर्धक’ बाटली, जिच्यावर घटकांची यादीच नव्हती, डॉक्टरांनी आधी बंद करायला लावली, कारण तसल्या टॉनिकमधले फॉलिक ॲसिड या इंजेक्शनचा परिणाम कमी करू शकते.

पैसे परत मागितले, तर कोर्स तुम्हीच अर्धवट सोडलात, असे उत्तर मिळाले. पावती त्याने कधी दिलीच नव्हती; आता त्याचे व्हॉइस मेसेज आणि ती बाटली जोडून आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे.