आरएक्सजावा ३: दणकट, पण शिस्त मागणारं
ॲपमध्ये येत राहणारा डेटा हाताळणारी आरएक्सजावा ३ ही लायब्ररी अँड्रॉइडसाठी आजही दणकट आहे. फक्त सबस्क्राइब करून, म्हणजे डेटाच्या प्रवाहाला जोडून घेऊन, मोकळं होता येत नाही. हाती आलेला डिस्पोजेबल, म्हणजे ते सबस्क्रिप्शन तोडायचा दुवा, कंपोझिट-डिस्पोजेबल या सामायिक भांड्यात टाका आणि ऑन-स्टॉपमध्ये, म्हणजे स्क्रीन नजरेआड होताना, ते क्लिअर करा. तिथे डिस्पोज लिहिलंत तर ते भांडं कायमचं बंद: स्क्रीनवर परतल्यावर ऑन-स्टार्टमध्ये जोडलेलं प्रत्येक सबस्क्रिप्शन जागीच रद्द होतं. एरर नाही, लॉग नाही, यादी मात्र कोरी! स्रोताचं काम कोणत्या थ्रेडवर (कामाच्या धाग्यावर) चालेल ते ठरवणारं सबस्क्राइब-ऑन कितीदाही लिहा, स्रोताजवळचं पहिलंच चालतं. ऑब्झर्व्ह-ऑन दर वेळी त्याच्या खालच्या टप्प्यांचा थ्रेड बदलतं. चूक हाताळणारं ऑन-एरर गाळलं की नेट जाताच ॲप कोसळतं. सर्चसाठी ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (टायपिंग थांबेपर्यंत वाट पाहणं) आणि स्विचमॅप (फक्त नव्या शोधाकडे वळणं) ही जोडी मात्र लाजवाब, जुनी रिक्वेस्ट आपोआप रद्द. कोटलिन भाषेतला नवा प्रोजेक्ट असेल तर त्या भाषेचा याच कामाचा पर्याय, फ्लोच घ्यावा.