रेगा प्लॅनर ३ : हात उत्तम, जागा मात्र तपासून घ्या

रेगाच्या प्लॅनर ३ या रेकॉर्ड प्लेअरमध्ये पैसे मोजायचे ते टोनआर्मसाठी, म्हणजे सुई धरणाऱ्या हातासाठी. आरबी ३३० हा हात ॲल्युमिनियमचा एकसंध ओतीव तुकडा आहे. हेडशेल, म्हणजे हाताचे पुढचे टोक, वेगळे निघत नाही, नळी मागे जाड होत जाते. विकत घेण्याआधी हेडशेल चिमटीत धरून हलकेच मागेपुढे करून बघा, किंचितही खडखड जाणवता कामा नये. एलपीची खोबण जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी रुंद, त्यामुळे बेअरिंगमधली ढिलाई थेट आवाजात उतरते. बेअरिंगचे स्क्रू घरी कधीही पिळू नका. तिथला ताण एकदा बिघडला की घरच्या हत्यारांनी पूर्ववत होत नाही.

वजन लावणे सोपे. सुईच्या जोराचा (ती रेकॉर्डवर किती दाबते त्याचा) आणि अँटीस्केटचा (हात आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेल्या उलट ओढीचा) आकडा शून्यावर ठेवून मागचे वजन फिरवत हात आडवा तरंगता करायचा. मग रेगाची एलिस २ कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) असेल तर जोर १.७५ ग्रॅम, अँटीस्केटही तेवढाच. या कार्ट्रिजला तीन स्क्रू असल्याने ती आपोआप जागेवर बसते. दोन स्क्रूंची दुसरी लावलीत तर प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायची पट्टी) घेऊन निवांत बसा, कारण आपल्या ख्यालाच्या एलपीत द्रुत नेमका लेबलाजवळ येतो. काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. कोन चुकला असेल तर विलंबितात पत्ता लागत नाही, तानांच्या वेळी आवाज फाटतो. कार्ट्रिज उंच असेल तर हाताखाली २ मिलिमीटरची चकती घालावी लागते. उंची फिरवून जुळवायची सोय नाही, ही या हाताची खरी उणीव.

सोलापुरात मुख्य प्रश्न जागेचा. प्लिंथ, म्हणजे खालचा पाट, हलका, त्याला स्प्रिंगचे सस्पेन्शन नाही. हाताचे परिणामी वजन (हलताना सुईला जाणवणारे) ११ ग्रॅम, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून साडेसहा, कंप्लायन्स (सुईच्या दांडीची लवचिकता) १५ धरला तर अनुनाद, म्हणजे हात सर्वांत सहज थरथरतो ती कंपनसंख्या, सुमारे ९.८ हर्ट्झवर येतो. हे बरोबरच आहे, ८ ते १२ हवाच असतो. पण पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर? मिनिटाला धोट्याच्या १२० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २ ठोके, आणि त्यांच्या पटीतली कंपने नेमकी याच पट्ट्यात पडतात. भिंतीत बसवलेली कडप्प्याची फळी एरवी सर्वांत चांगली, कारण चालण्याचे हादरे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मागाची भिंत सामाईक असेल तर मात्र तीच सर्वांत वाईट. माग चालू असताना मोटार बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा, ॲम्प्लिफायरचा आवाज अर्ध्यावर ठेवा आणि वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) पडदा बघा. तो आतबाहेर थरथरत असेल तर दुसरी भिंत शोधा.

वेग ठरतो विजेच्या फ्रिक्वेन्सीवर. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज थोडे पडले तरी सूर हलत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून ६० हर्ट्झचा प्लेअर मागवू नका. इथल्या ५० हर्ट्झवर त्याची मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची चाल २७.८ होते, म्हणजे काळी एकचे गाणे खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली. वेग तपासायला १८० रेघांची स्ट्रोब चकती पुरते, वेग बरोबर असेल तर तिच्या रेघा स्थिर दिसतात. उजेड मात्र साध्या पिवळ्या बल्बचा नको, एलईडीचाही नको. विजेबरोबर लुकलुकणारा निऑनचा इंडिकेटर दिवा जवळ धरावा.

भावगीतांच्या ४५च्या वेगाच्या ईपी (छोट्या तबकड्या) बऱ्याच असतील तर एक कटकट आहे. दर वेळी रेकॉर्डखालची १२ मिलिमीटर जाडीची काचेची थाळी उचलून पट्टा मोटारीच्या मोठ्या खाचेत टाकावा लागतो. नाट्यसंगीताच्या ७८च्या तबकड्या यावर चालणारच नाहीत, त्यांना वेगळा प्लेअर आणि जाड सुई लागते.

कोरड्या हवेत फेल्टचा मॅट रेकॉर्डला चिकटून वर येतो. आधी कार्बन ब्रश फिरवा, मग रेकॉर्ड उचला. वेगळी अर्थिंगची वायर येत नाही, ते काम सिग्नलच्या केबलमधूनच होते. म्हणून घुमघुम आली तर प्लेअरला दोष देण्याआधी ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन आणि घरातली अर्थिंग बघा.