मारझोडीच्या संसारातून सुटल्यावर: मूल दोघांनी मिळून सांभाळायचं की वेगवेगळं?

सासर कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजला, माहेर सीमेपलीकडं बेळगाव जिल्ह्यात खानापूरला, घटस्फोट झालाय आणि मूल आईकडे. जो तो सांगतो, "झालं गेलं विसरा, पोरासाठी दोघं मिळून बघा." न पटल्यामुळं मोडलेल्या संसारात हे जमतंही. हात उगारणाऱ्याबरोबर मात्र नाही, असं माझं ठाम मत आहे.

मिळून सांभाळायचं तर शाळा, आजारपण, यात्रा-जत्रा सगळं फोनवर ठरवायचं, एकमेकांच्या दारात जायचं. पोराला हे सोपं पडतं. पण धाकात ठेवायची सवय लागलेल्या माणसाला रोज फोन करायला निमित्त मिळतं. आज "डबा काय दिलास", उद्या "काल कुठं होतीस".

वेगवेगळं सांभाळायचं तर भेटीचे वार, वेळा, सुट्ट्या कोर्टाच्या आदेशातच ठरलेल्या. कळवायचं ते फक्त लिहून, तेही पोरापुरतं. उद्या कोर्टात दाखवायलाही तेच उपयोगी पडतं. सोडायला-आणायला मामा किंवा आजोबा. कोरडं वाटतं खरं, आणि दोन घरी दोन शिस्ती होतात. पण आजोळी वेगळे लाड असतात हे पोरांना कुठं नवीन आहे? मी हाच मार्ग निवडायला सांगेन.

पोरावरही हात उठला असेल, किंवा पळवून नेण्याची धमकी असेल, तर हाही मार्ग पुरत नाही. भेट कोर्टाच्या आवारात, देखरेखीखालीच मागा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, भेट मुलाच्या हिताला बाधक वाटली तर न्यायालय ती नाकारतं.

आता सीमेची गोष्ट. ताब्याचा अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात चालतो, म्हणजे इथं बेळगाव जिल्ह्यात. २००५ च्या कायद्याखाली इथं मिळालेला आदेश कोल्हापूर जिल्ह्यातही लागू असतो. पण कागद कन्नड किंवा इंग्रजीत येतो. वकिलाकडून मराठीत ओळ न् ओळ समजून घेतल्याशिवाय तडजोडीवर सही करू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, किंवा १५१०० ला फोन करा. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि एसटी. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावाद पेटला, तेव्हा दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या होत्या. अशा वेळी भेट पुढच्या रविवारी की व्हिडिओ कॉलवर, हेही आदेशात लिहून घ्या. नाहीतर "मुद्दाम पोराला पाठवलं नाही" म्हणून अर्ज पडतो.