पपी पॅड: चांगला कोणता, आणि चुकतं कुठे

पपी पॅड म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाच्या शी-शूसाठी घरात अंथरायचा, ओल शोषणारा पॅड. तो अंथरला की पिल्लाची शी-शू आपोआप जागेवर येईल, या आशेवर पुष्कळ जण पाकीट आणतात आणि आठवड्याभरात वैतागतात. पॅड कामाचाच आहे. पण तो जागा देतो, वेळ सांभाळत नाही.

दोन महिन्यांच्या पिल्लाचा लघवीवर अजून ताबा नसतो. ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, शांत झोपेत फार तर तितके तास निघतात. खेळताना वीस मिनिटांतही पुन्हा शू होते. वरवर सगळं अनियमित वाटतं, पण त्याला क्रम असतो. उठल्या उठल्या, पाणी प्यायल्यावर, खेळ थांबला की शू. आणि खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत शी, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलू लागतात. वाडगा दिवसभर भरलेला ठेवला तर शीलाही वेळ उरत नाही. तीन-चार ठरलेल्या वेळी खायला द्या, पाणी मात्र तोडू नका. चार दिवस वेळा वहीत लिहून ठेवल्या तर पिल्लाला पॅडवर कधी न्यायचं ते कळतं.

आता पॅडची पारख. वर जाळीदार कापड, मध्ये कागदाचा लगदा आणि ओल धरून जेल होणारी पावडर, खाली प्लास्टिक. मधोमध एकाच जागी शंभर मिली पाणी ओता, मिनिटभर थांबा आणि टिश्यू दाबून बघा. टिश्यू जवळजवळ कोरडा निघाला तर पॅड चांगला. हलक्या प्रतीच्या पॅडमध्ये पाणी लगद्यात मुरत नाही, प्लास्टिकवरून घसरत कडेला येतं.

माप ६० बाय ९० सेंटीमीटरचंच घ्या, पिल्लू छोटं असलं तरी. पिल्लू हुंगत येतं, पुढचे दोन पाय पॅडवर ठेवतं, आपण पोचलो असं त्याला वाटतं आणि मागून धार फरशीवर जाते. ही चूक पिल्लाची नाही, मापाची आहे. पाकिटावर लिहिलेल्या ‘आकर्षित करणाऱ्या वासा’वर भिस्त ठेवू नका, वापरलेल्या पॅडचा छोटा तुकडा नव्याखाली ठेवणं जास्त लागू पडतं.

धुऊन वापरायच्या कापडी पॅडची मात्र आम्ही शिफारस करणार नाही. पिल्लू जागा पायांच्या स्पर्शानेही ओळखतं. मऊ कापडावर सवय लागली की पायपुसणं, बाथरूमची मॅट आणि गादी त्याला सारखीच वाटतात. एकदा वापरून टाकायच्या पॅडलाही हा दोष थोडा आहेच, म्हणून तो चौकटीच्या ट्रेमध्ये बसवा. चौकटीमुळे चावणंही कमी होतं, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण गिळलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो. पॅड फाडून खाणाऱ्या पिल्लाला पॅड देऊच नका.

फरशीवर झालंच तर आधी टिपून घ्या, मग एन्झाइमचा क्लीनर (लघवीचा वास मुळापासून मोडणारा) ओतून त्याच्या बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका ओला राहू द्या. लगेच पुसला तर काम होत नाही. अमोनियाच्या क्लीनरचा वास लघवीसारखाच असतो, म्हणून तो टाळा. फिनाइल तर नकोच. पिल्लू ते पंज्यावरून चाटतं. ओरडल्याने पिल्लू शू थांबवत नाही, सोफ्यामागे जाऊन करायला शिकतं. माणूस समोर वाकताच अंग चोरून जे थेंब पडतात, ते तर भीतीचे किंवा आनंदाचे असतात; त्यावर पॅडचा उपाय नाही, खाली बसून शांतपणे हात पुढे करा.

थेंब थेंब वारंवार शू, कुंथणं, रक्त, किंवा पातळ शीसोबत मलूलपणा आणि उलटी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. बाकी सगळं सुरळीत असेल आणि पिल्लाला बाहेर जायची सवय लावायची असेल तर पॅड रोज हातभर दाराकडे सरकवा. एकदम उचलून अंगणात नेला तर पिल्लू जुन्या कोपऱ्यातच बसेल.